टर्कीण शिंकली तेव्हा

कोल्ड फोर्क,
शुक्रवार, आभाराच्या सणाचा दुसरा दिवस

तीर्थरूप हेटी आत्या हिस,

तुला आणि तुझ्या दोन्ही गुडघ्यांना (त्यातला डावा जास्त मानाचा, हे मी विसरलेलो नाही) धाकट्या भाच्याचा नमस्कार.

काल सकाळी रानात एक टर्कीण शिंकली आणि त्या क्षणापासून माझं आयुष्य पहिल्यासारखं राहिलेलं नाही. हे वाचून तू चष्मा काढून पुसशील आणि पुन्हा वाचशील. पुसू नकोस, बरोबरच लिहिलं आहे. सगळं सविस्तर सांगतो, पण आधी रीत. इकडे सर्व ठीक. आई ठीक आहे. बाबा सकाळ-संध्याकाळ कुरकुरतात, म्हणजे तेही ठीक. थोरला भाऊ रस आणि वहिनी काल येऊन जेवून, उरलेलं बांधून घेऊन गेले. डोंगरावर पहिला बर्फ पडला आहे. तू तिकडे ॲरिझोनात नोव्हेंबरात पंखा लावून बसतेस असं आईने सांगितलं. बाबा ते वाक्य रोज एकदा मोठ्याने म्हणतात आणि शेकोटीत लाकूड कमी घालतात. गुडघ्यांना ते ऊन मानवतं आहे ना? अंगणातल्या निवडुंगाशी तू बोलतेस म्हणे. बोलत जा. ऐकणारा उलट उत्तर देत नसेल तर माणूस चांगलं बोलतो, हे मला कालच कळलं आहे.

आता मी कॉलेज मधेच का सोडलं याबद्दल तुझ्या कानावर काय काय आलं असेल ते मला माहीत नाही, म्हणून माझी बाजू लिहून ठेवतो. तिथे आम्हाला रानातल्या प्राण्यांचं शास्त्र होतं. एके दिवशी सरांनी सांगितलं की रानटर्कीचे सख्खे भाऊ माद्यांपुढे जोडीने नाचतात. दोघंही पिसारा फुलवतात, दोघंही छाती काढतात, दोघांचीही डोकी लाल-निळी-पांढरी होतात (मनातलं सगळं डोक्यावर उमटतं बिचाऱ्यांच्या, माझ्या कानांचं तेच आहे), पण लग्न लागतं फक्त थोरल्याचं. धाकटा आयुष्यभर थोरल्याच्या वरातीत नाचतो. सर म्हणाले, धाकट्याचा यात तोटा नाही, घराण्याचं रक्त पुढे जातंच. मी उभा राहून विचारलं, "धाकट्याला कोणी विचारलंय का?" सगळा वर्ग हसला. सरही हसले. मी दप्तर उचललं आणि बाहेर पडलो. बाहेर नेमकी आपल्या गावाकडची बस उभी होती. बस नसती तर मी तासाभराने परत वर्गात गेलो असतो, अशी मला दाट शंका आहे. पण बस होती.

(रसच्या लग्नात त्याच्याबरोबर सगळ्यात जास्त कोण नाचलं होतं, हे तुला आठवतच असेल.)

गावात आल्यावर शहाण्यासारखं राहावं की नाही? पण ऑक्टोबरात चर्चच्या तळघरात मुलांच्या सणाच्या नाटकाची बैठक होती, आणि ऑड्रा तिथे असणार म्हणून मीही गेलो. ऑड्रा म्हणजे ऑरिनकाका स्वेन्सनांची मुलगी; तू गेलीस तेव्हा दोन वेण्या घालायची, आता परिचारिकेची परीक्षा पास झाली आहे. तिच्याबद्दल माझ्या मनात काय आहे ते मी इथे लिहीत नाही, कारण एकदा लिहायला लागलो तर टर्कीण राहून जाईल. तर ऑरिनकाका दरवर्षीप्रमाणे मुलांसाठी पुठ्ठ्याच्या काळ्या टोप्या करत होते, पुढे सोनेरी बक्कल लावलेल्या. मी म्हणालो, काका, समुद्र ओलांडून पहिल्यांदा इथे आलेल्या त्या गोऱ्या लोकांच्या टोप्यांना बक्कल नव्हतंच. तिथेच थांबायचं. पण मी थांबतो कुठे? मी सांगितलं की आभाराच्या त्या पहिल्या जेवणाला बटाटा नव्हता, भोपळ्याचा भाजलेला गोड 'पाय' नव्हता, कारण लोणी नव्हतं आणि भट्टीही नव्हती. रानपक्षी होते एवढंच लिहून ठेवलंय, त्यात टर्की होती की बदक हे कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. हरणं मात्र होती, आणि ती इथल्या मूळच्या वाम्पानोआग लोकांनी आणली होती, आणि त्यांचे नातू-पणतू आज हा दिवस सुतकासारखा पाळतात, ते आपल्या नाटकात कुठे आहेत? हे शेवटचं सांगताना मी टेबलावर मूठ आपटली. खळीचं भांडं उलटलं. यंदाच्या सगळ्या टोप्या एकमेकींना जन्माच्या चिकटल्या.

ऑरिनकाका शांतपणे तो टोप्यांचा ढीग उचलून म्हणाले, "पोरा, तू कॉलेज सोडलंस खरं, पण कॉलेजने काही तुला सोडलेलं दिसत नाही."

सगळं तळघर हसलं. ऑड्राही हसली. मी घरी पायी गेलो. वाटेत तिने गाडी थांबवून मला आत घेतलं आणि म्हणाली, "तू खरंच बोलतोस रे, पण दगड मारल्यासारखं. समोरचा दगड चुकवेल का ऐकेल?" यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण तेही दगडासारखंच होतं, म्हणून ते खिशातच ठेवलं.

तेव्हापासून काकांचं आणि माझं बोलणं बंद. मग गेल्या आठवड्यात बातमी आली की ऑड्राला नोकरी लागली, तीही देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, तुझ्या टुसॉनच्या इस्पितळात. शनिवारी निघायचं. म्हणजे उद्या. मी तिला अजून काहीच विचारलेलं नव्हतं. रोज विचारायचं ठरवायचो आणि रोज तिच्याशी हवामानावर बोलायचो. बुधवारी तीच म्हणाली, "उद्या नेहमीसारखं घरच्यांबरोबर आमच्याकडे जेवायला ये. पण आधी बाबांशी मिटव. दोन डरकाळ्यांच्या मधे बसून मला इथलं शेवटचं जेवण गिळायचं नाही."

आता मिटवायचं कसं? दुसऱ्या कोणी "चुकलं" म्हटलं असतं आणि मोकळा झाला असता. मला वाटलं, नुसतं "चुकलं" फार स्वस्त होतं. काकांना एक रानटर्की मारून द्यावी. सणाच्या सुमाराला आपल्याकडे थोडे दिवस शिकारीला रान खुलं असतं हे तुला माहीत आहेच, आणि हेही माहीत आहे की ऑरिनकाका सगळ्या खोऱ्याला टर्कीची शिकार शिकवतात, पण त्यांना स्वतःला कित्येक वर्षांत सणाची टर्की मिळालेली नाही. दरवर्षी दुकानातली गोठवलेली आणतात आणि सांगतात, "रानातली दिसली होती, पण सणासुदीला सोडून दिली." अशा माणसाच्या ओसरीवर मी मारलेला पक्षी नेऊन ठेवणं म्हणजे भेट की थोबाडीत, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही. माझ्या डोक्यात विचार नेहमी काम झाल्यावर येतात.

गुरुवारी उजाडताना वरच्या कड्याखाली थवा दिसला. शरद ऋतूतली रीत अशी की आधी थवा उधळायचा, पक्षी दाही दिशांना उडवायचे, मग तिथेच गुपचूप बसून हरवलेल्या पिल्लाची शीळ घालायची. (आत्या, जगात हे एकच काम आहे ज्याला माझा स्वभाव उपयोगी पडतो: आरडाओरडा करत घुसायचं आणि जमलेली मंडळी उधळून लावायची.) थवा उधळला. रानातली टर्की उडते तेव्हा झाडांच्या शेंड्यांवरून गाडीच्या वेगाने जाते. दुकानातल्या तिच्या बहिणीला स्वतःचं वजन घेऊन धड चालवतही नाही. मग मी एका हेमलॉकच्या झाडाला पाठ लावून बसलो, शिकाऱ्यांनी एकमेकांना दिसावं म्हणून घालायची नारिंगी टोपी खिशात घातली, आणि शीळ घातली. बारीक, कापरी. म्हणजे पिल्लाच्या भाषेत: मी हरवलोय, तुम्ही कुठे आहात?

आणि समोरच्या घळीपलीकडून उत्तर आलं. म्हाताऱ्या, जाणत्या टर्कीणीचं. जाड, ठाम, सावकाश. ये. ये. इकडे ये.

मी पुन्हा शीळ घातली. तिने पुन्हा बोलावलं. मी हलेना, ती हलेना. मी हलणार नव्हतो, कारण लहानपणी शिकारीच्या वर्गात ऑरिनकाकांनीच शिकवलं होतं की टर्कीच्या आवाजाकडे रांगत जायचं नाही, पलीकडे कोण बंदूक घेऊन बसलाय सांगता येत नाही. ती का हलत नव्हती ते कळेना. हट्टी आहे, असं मी मनाशी ठरवलं. मग शिकार बाजूला राहिली आणि आमचं नुसतंच बोलणं सुरू झालं. खरं सांगतो आत्या, त्या शिळेत मी जीव ओतला. कॉलेज ओतलं, बस ओतली, ऑड्राची उद्याची गाडी ओतली. आणि दर वेळी पलीकडून तेच. रागावणं नाही, चिडवणं नाही, शहाणपण शिकवणं नाही. ये. इकडे ये. दोन वर्षांत माझ्याशी इतक्या सबुरीने कोणी बोललं नव्हतं. माझे डोळे भरून आले. (थंडीने.)

आणि मग टर्कीण शिंकली. एकदा नाही. लागोपाठ, आणि शेवटच्या शिंकेला जोडून "देवा रे."

ही शिंक गेली वीस वर्षं दर रविवारी प्रवचनाच्या मधोमध मी ऐकत आलो आहे. तूही ऐकली आहेस.

मी दगड झालो. मघापासून मी ज्यांच्यापुढे पिल्लू होऊन रडत होतो, ते ऑरिनकाका होते! आता निसटावं, की उभं राहावं, की उरलेलं आयुष्य त्या झाडाखालीच काढावं, असा विचार चालू असतानाच पाचोळा वाजला आणि घळीत खरे पक्षी आले. आमचं ते हरवलं-सापडलं ऐकून त्यांना खरंच वाटलं असणार. पुढे एक म्हातारी मादी, मागे यंदाचे वाढलेले पठ्ठे. अंगावर तांब्याची झाक, माना लांब, पाऊल टाकायचं, थांबायचं, ऐकायचं, पुन्हा पाऊल. माझ्या बंदुकीच्या बरोब्बर समोर. आणि त्यांच्या बरोब्बर मागे ती शिंक.

बंदूक मी मांडीवरून खाली ठेवली. पलीकडून काहीच आवाज नाही. म्हणजे तेही तसेच बसलेले, माझ्याकडे तोंड करून, त्याच पक्ष्यांकडे पाहत. माझ्या पणजोबांच्या काळात या डोंगरात टर्की जवळजवळ संपली होती. सरकारने मग पाळलेली पिल्लं आणून सोडली, तर ती कोल्ह्यांनी खाल्ली; त्यांना रानात राहायला कोणी शिकवलंच नव्हतं. शेवटी शिल्लक राहिलेल्या रानपक्ष्यांनाच जाळ्यात धरून इकडून तिकडे नेऊन सोडलं, तेव्हा कुठे वंश वाढला. हे मी परीक्षेत लिहिलं होतं, चांगले गुणही मिळाले होते. पण ती म्हातारी एकेका पठ्ठ्याला हलक्या आवाजात मागे बोलावत होती ते पाहिलं आणि वाटलं, परीक्षेत मी काहीच लिहिलं नव्हतं.

मग मी खिशातली नारिंगी टोपी काढून हात वर करून हलवली. त्याच वेळी समोरच्या झुडपातून दुसरी नारिंगी टोपी वर आली. पक्षी भर्रकन उडाले आणि घळीच्या दोन बाजूंना आम्ही दोघं बावळट टोप्या हलवत राहिलो.

"तुम्हाला कधी कळलं?" मी जवळ जाऊन विचारलं. इतक्या आठवड्यांनंतरचं हे माझं पहिलं वाक्य.

"थवा उधळताना 'अरे मूर्खांनो' म्हणून ओरडणारा या खोऱ्यात दुसरा कोण आहे?" काका नाक पुसत म्हणाले. "शिवाय नोव्हेंबर संपत आला, पिल्लांचे आवाज फुटले. तू अजून सप्टेंबरची शीळ घालतोस."

"मग सगळा वेळ उत्तर कशाला देत बसलात?"

"म्हटलं, शीळ घालतोय तोवर बोलत तर नाही."

त्यांनी थर्मासमधली कॉफी झाकणात ओतून मला दिली आणि स्वतः थर्मासलाच तोंड लावलं. आम्ही एका पडलेल्या खोडावर बसलो.  कॉफी संपवून ते म्हणाले, "बक्कल नव्हतं, हे मलाही माहीत होतं रे. पण बक्कल नसलेली काळी टोपी घातली की पोरं रडतात." मग बुटाकडे बघत म्हणाले, "ती शनिवारी जाणार. तिची आई गेल्यापासून घरात बोलणारं तेवढंच माणूस. मी 'राहा' म्हटलं तर बापाची कीव येऊन राहील, आणि तसं मला नको. तू म्हण. तुझं ऐकेल. तू आज मोठ्या टेबलावर बस, तिच्या समोर. आणि ऐन आभाराच्या वेळी विचार."

आत्या, तुला कल्पना आहे ना याचा अर्थ काय? मी गेल्या वर्षीपर्यंत लहान मुलांच्या टेबलावर जेवलो आहे. ते घडीचं टेबल, गुडघे कानाला लागलेले, शेजारच्याने माझ्या ताटात दूध सांडलेलं. लग्न होईपर्यंत तिथून सुटका नाही, हा तुमच्या पिढीचा कायदा. आणि काल तिचा बाप स्वतः मला मोठ्या टेबलावर बोलावत होता, तिला मागायला! मी घरी आलो ते धावतच. आंघोळ केली, रसचा सदरा घातला, आरशासमोर वाक्य पाठ केलं.

स्वेन्सनांकडची रीत तुला ठाऊकच आहे: प्रत्येकाच्या ताटाशेजारी मक्याचे पाच दाणे, आणि आपली पाळी आली की एक दाणा उचलून कशाबद्दल आभार ते सांगायचं. टर्की (दुकानातली) मधोमध. काकांनी पावसाबद्दल आभार मानले. आईने नव्या कुकरबद्दल. बाबांनी "जेवण गार होण्याआधी संपणाऱ्या भाषणांबद्दल". मग ऑड्राची पाळी. माझी तिच्यानंतर. माझं वाक्य जिभेच्या टोकावर तयार, कान लाल.

ऑड्राने दाणा उचलला. म्हणाली, "नोकरीचं पत्र आल्यापासून मी भीत होते. कोणीतरी 'जाऊ नको' म्हणेल, आणि मी राहीन, आणि मग जन्मभर त्या माणसावर मनातल्या मनात चिडत राहीन. तर मी याबद्दल आभारी आहे, की या टेबलावरच्या एकाही माणसाने मला तसं म्हटलं नाही."

काकांचा काटा हवेतच थांबला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी दाणा उचलला, तो हातातून सटकून रश्श्यात पडला. पाठ केलेलं वाक्य मी अख्खं गिळलं. आत्या, आयुष्यात गिळलेलं ते पहिलंच. मग म्हणालो, "मी... मी आभारी आहे, की टर्कीला उडता येतं."

लहान मुलांच्या टेबलावरून कोणीतरी ओरडलं, "हिला नाही येत!" आणि ताटातल्या टर्कीकडे बोट दाखवलं. सगळे हसले. काका हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे खूप वेळ पाहिलं आणि म्हणाले, "बटाटे इकडे दे." मी बटाटे दिले. ऑरिनकाकांनी आजवर माझ्याकडून काही मागून घेतल्याचं मला तरी आठवत नाही.

नंतर मोरीशी काका ताटल्या पुसत होते. मी शेजारी जाऊन उभा राहिलो. "विचारलं नाहीस," ते म्हणाले. "नाही," मी म्हणालो. "मीपण," ते म्हणाले, आणि कोरडी झालेली ताटली पुन्हा पुसायला लागले.

तर आत्या, असा मी बदललो आहे. डोकं शांत आहे. ती उद्या जाईल, मी फाटकाशी उभा राहून हात हलवीन आणि घरी येऊन लाकडं फोडीन. ज्याला खरंच कोणी आवडतं त्याने वाट अडवू नये, हे मला वयाच्या मानाने लवकर कळलं असं वाटतं. इतरांना उशिरा कळतं. तू गुडघ्यांना जप. निवडुंगाला सांग.

तुझा भाचा,
एल्डन

ता. क. एक छोटंसं काम होतं, खरं तर त्यासाठीच पत्र लिहायला घेतलं, बाकीचं ओघात आलं. ऑड्राला तिकडे राहायला जागा मिळालेली नाही. तुझ्या मागच्या खोलीतलं शिवणयंत्र हलवलंस तर एक खाट बसेल. मी कळवलंय असं तिला सांगू नकोस. ती कॉफीत साखर घालत नाही आणि सकाळी तिच्याशी बोललेलं तिला आवडत नाही, निवडुंगाशी बोल.

दुसरा ता. क., शनिवार सकाळ. वर डोकं शांत आहे वगैरे जे लिहिलंय ते खोडायला वेळ नाही, तसंच राहू दे. आज उजाडताच मी हात हलवायला म्हणून फाटकाशी गेलो. ऑड्रा ट्रकवर ताडपत्री बांधत होती. मी दुसरं टोक धरलं. "जाऊ नको" म्हणायचं नव्हतंच, पण त्याच्या जागी काय म्हणायचं ते कोणी शिकवलेलं नाही. शेवटी विचारलं, "पुढच्या सीटवर एका माणसाची जागा आहे का?" ती गाठ मारत होती, तिने वर पाहिलंच नाही. म्हणाली, "तिथे जादाचा टायर आहे. बाबांनी ठेवलाय, दोरीने बांधून. तो मागे टाकता आला, तर आहे." मग वर पाहिलं. "किती दिवस लावलेस रे हे विचारायला! आणि तिकडे कॉलेजं आहेत. अर्धवट सोडलेली माणसंही घेतात."

ऑरिनकाका ओसरीवर उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. आत गेले, आणि घडीचा चाकू आणून कठड्यावर ठेवून पुन्हा आत गेले. दोरी कापायला की मला, ते स्पष्ट केलं नाही.

तिसरा ता. क. मला सोफा चालेल.

चौथा. पिशवी भरली. आईला कसं सांगावं या विचारात स्वयंपाकघरात गेलो, तर तिथे परवाच्या टर्कीची सँडविचं कागदात बांधून ठेवलेली. दोघांना तीन दिवस पुरतील एवढी. आई भांडी घासत होती, पाठ माझ्याकडे. म्हणाली, "मोहरीची चटणी वेगळी बांधलीय. तिला आवडत नाही." मी काहीतरी बोलायला गेलो, तर म्हणाली, "हॉर्न वाजतोय. जा, आणि जाताना दार ओढून घे, ऊब जाते."

पत्र वाटेत पेटीत टाकतो. बाबा जिन्यात उभे आहेत, कुरकुरत नाहीयेत. निघालो. दार ओढून घेतलं.